पाच पानं, दोन फेऱ्या

काजूचं मला कळतं.
दोनशे चाळीस, तीनशे वीस, पाकळी, कणी.
आकडा लहान तितका गर मोठा,
हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून जिभेला घट्टे पडलेत.
मुठीत घेतला की समजतं
कुठला करपलाय, कुठल्यात ओल राहिलीय,
कुठला दिसायला अख्खा
आणि आतून उभा चिरलेला.

पण वेंगुर्ल्याच्या या शेडमध्ये
आठवडाभर तीन कागद वजनाखाली दाबून ठेवलेत
आणि त्यांची प्रत मला लावता येत नाही.

कुडाळचा पोरगा: आठ हजार.
व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ, शेवटी जोडलेले हात.
‘सगळं आलं त्यात, ताई.’
कोल्हापूरच्या बाई: बेचाळीस, जीएसटी वेगळा.
पुण्याची कंपनी: एक लाख अठरा हजार,
अकरा पानी,
वर माझ्या कारखान्याचं नाव सोनेरी अक्षरांत.
सातेरीचं सातारी करून.

चष्मा लावून बसले.

‘पाने: पाच.’
पाच पानं म्हणजे आमच्याकडे
एक पंगतसुद्धा नव्हे,
घरचीच माणसं जेवून उठतात तेवढ्यात.
‘बदल: दोन फेऱ्या.’
फेऱ्या मला एसटीच्या ठाऊक.
शिरोड्याची दुसरी चुकली
की चप्पल हातात घेऊन चालायचं.
‘मजकूर व छायाचित्रे ग्राहकाने पुरवावीत.’
म्हणजे नारळ माझा, खवायचा मी,
आणि पैसे ह्यांना कशाचे?
रागावले थोडी.
मग वाटलं, वाटण गंधासारखं वाटायला
हात लागतोच कुणाचा तरी.

‘होस्टिंग, वार्षिक.’
हे कळलं. गाळ्याचं भाडं.
पहिलं वर्ष फुकट लिहिलंय ठळक,
दुसऱ्या वर्षाचा आकडा
कुठल्याच कागदावर नाही.
‘आजीवन सपोर्ट.’
आजीवन कोणाचं?
पोरगा तेवीसचा, मी एकावन्न.

हसले, आणि हसता हसता थांबले.
बेळगावच्या व्यापाऱ्याला मी गेल्या साली
काय लिहून पाठवलं होतं?
‘दर हंगामाप्रमाणे. माल उत्तम.’
त्या बिचाऱ्यानेही
चष्मा लावला असेल.

सत्यवती समोर सोलत होती.
चिकाने काळी पडलेली बोटं,
राखेत बुडवून, न थांबता.
तिला वाचून दाखवलं सगळं, उगाच,
कुणाला तरी दाखवायचं म्हणून.
तिने पापुद्रा फुंकला आणि विचारलं,
“आणि नाव? ता कोणाच्या नावार रवतला?”

मी म्हटलं, नाव आपलंच, सातेरी काजू.

“तसा न्हय गो.
घर मी सारवतंय चाळीस वर्सां,
सात-बारा दिराच्या नावार असा.”

तिन्ही कागद पुन्हा वाचले,
आता बोट ठेवून.
नाव कोणाच्या खात्यावर,
किल्ल्या कोणाकडे,
उद्या भांडण झालं तर
मी माझ्या दुकानात शिरणार कुठून?
अकरा पानांत नव्हतं.
एका ओळीत तर नव्हतंच.

तिघांना तोच प्रश्न लिहिला.
पुण्याहून आलं: आपली चौकशी नोंदवली आहे.
पोरगा म्हणाला, “माझ्या नावावर ठेवतो ताई,
सगळ्यांचं तसंच करतो, सोपं पडतं.”
खोटं नाही बोलला, हेही खरं.
कोल्हापूरच्या बाईंचा फोन आला,
मागे कुकरची शिट्टी.
नाव तुमच्याच नावावर, म्हणाल्या,
दुसऱ्या वर्षापासून साडेचार हजार,
लिहायचं राहिलं, चुकलंच माझं.
मग म्हणाल्या, एक सांगा,
तुम्हाला काजू विकायचाय कोणाला?

बराच वेळ मी बोललेच नाही.
पाव किलो नेणाऱ्या पाहुण्याला,
की पन्नास किलो उचलणाऱ्या मिठाईवाल्याला?
दरपत्रक मागताना
मी कुणालाच हे सांगितलं नव्हतं.

कागद अजून वजनाखाली आहेत.
बेचाळीस हजार म्हणजे
किती किलो पाकळी, हिशेब करून झालाय,
सांगत नाही.
उद्या फोन करीन.
आज बेळगावला आधी नीट लिहायचंय:
दोनशे चाळीस इतके, तीनशे वीस इतके,
ओल किती, तुकडा किती, वाहतूक कोणाची.

सत्यवती म्हणते, वीज जायच्या आत
वीस किलो सोलूक व्हयां.